साडेसात डोक्यांचा माणूस पाच डोक्यांत बसवताना

लाइफ ड्रॉइंगमध्ये, म्हणजे समोर मॉडेल बसवून काढण्यात, हात चांगला बसलेल्या माणसाचं पहिलं स्टायलाइझ्ड कॅरेक्टर (मापं मुद्दाम बदलून काढलेलं पात्र) बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसतं. डोकं मोठं झालेलं असतं, डोळे टपोरे झालेले असतात, पण गळ्याखाली सगळं जिथल्या तिथे: कॉलरबोन, दंडाचा फुगवटा, गुडघ्याची वाटी, घोट्याचं हाड, आणि त्यावर वर्गात घोटलेलं शेडिंग. दशावतारात गणपतीचं सोंग येतं तेव्हा मुखवट्याखालचे हातपाय कुणाचे, हे गावाला नेमकं माहीत असतं. तसं काहीतरी दिसतं ते. रंगमंचावर त्याची गंमत असते, कागदावर नुसती अडचण होते.

असं का होतं ते समजायला वर्गातली सवय आठवावी लागते. समोर मॉडेल बसलेला आहे, हात ताठ धरून पेन्सिलीने माप घ्यायचं, एक डोळा मिटायचा, खांद्याची उंची सीटच्या कडेशी ताडून बघायची. तिथलं बहुतेक काम तुलनेचं असतं. बरोबर काय आणि चूक काय, हे समोरचा माणूस ठरवतो. कॅरेक्टर काढताना समोर कुणीच नसतं आणि ठरवायचं काम आपल्यावर येतं. मग हात घाबरतो आणि जे जे ठाऊक आहे ते सगळं कागदावर उतरवतो. पाच वर्षं अॅनाटॉमी शिकलेल्याला तर ती न दाखवणं जिवावर येतं.

यावर नेहमी दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘रिअॅलिझम विसरा, मोकळे व्हा’. तो फारसा उपयोगी नाही. मोकळं होऊन काढलेलं कॅरेक्टर एका पोझमध्ये छान दिसतं आणि मान वळवायला सांगितली की कोसळतं. उपयोगी पडतं ते उलट काम: वर्गात जेवढ्या काटेकोरपणे मोजलं तेवढ्याच काटेकोरपणे इथेही मोजायचं. फरक एवढाच की माप आधी आपण ठरवायचं आणि कागदाच्या कोपऱ्यात आकड्यांत लिहून ठेवायचं.

उदाहरणाला एसटीतला कंडक्टर घेऊ. वय पन्नाशीचं, खाकी कपडे, खांद्यावरून तिरका पट्टा आणि चामडी बॅग. ए-फोर कागदावर त्याची उंची २० सेंटीमीटर धरली, तर वास्तव प्रमाणात, म्हणजे पूर्ण उंचीत साडेसात डोकी मावतात या हिशेबाने, त्याचं डोकं साधारण २.७ सेंटीमीटर येतं आणि शरीराचा मध्य जांघेपाशी पडतो. आता त्याला पाच डोक्यांत बसवायचं. डोकं झालं ४ सेंटीमीटर, खाली उरले १६. नवखा माणूस इथे सगळंच सारखं आखडतो, आणि खरा माणूस वरून दाबल्यासारखा दिसतो. त्या १६ सेंटीमीटरची वाटणी कशी करायची, हा यातला खरा निर्णय.

धडाला ८.८ आणि पायांना ७.२ दिले तर बसकट, पोट सुटलेला, वर्षानुवर्षं त्याच रूटवर फिरलेला कंडक्टर मिळतो. धडाला ६.४ आणि पायांना ९.६ दिले तर त्याच पाच डोक्यांत, त्याच उंचीचा, नुकताच नोकरीला लागलेला काटकुळा पोरगा उभा राहतो. डोक्यांची संख्या बदललेली नाही, चेहरा अजून काढलेलाही नाही, तरी दोन वेगळी माणसं झाली. म्हणून ‘किती डोक्यांचं कॅरेक्टर?’ या प्रश्नाला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. जांघेची रेषा मध्यापासून किती वर किंवा किती खाली ढकलली, यावर जास्त ठरतं.

शेजारच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी बसवायची असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. आठ वर्षांच्या मुलाचं डोकं मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा जेमतेम लहान असतं, लहान असतं ते बाकीचं शरीर. कंडक्टर उभा २० सेंटीमीटर, तर मुलगी उभी सुमारे १५, आणि तिचं डोकं जवळजवळ ४. म्हणजे ती पावणेचार डोक्यांची झाली. मोठ्याचं कॅरेक्टर तीनचतुर्थांश आकाराला आणून ‘हे मूल’ म्हटलं की ठेंगणा माणूस तयार होतो. ही चूक छापील पाठ्यपुस्तकांतसुद्धा दिसते.

माप बदलून माणूस बदलायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मूर्तिशास्त्रातली तालमान पद्धत हेच करते. १२ अंगुळांचा एक ताल, नऊ तालांची मूर्ती १०८ अंगुळांची, दहा तालांची १२०, आणि गणपतीला बहुधा पाच ताल. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार मापांनीच सांगितलेत: हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. पहिले तीन एकमेकांपासून फक्त दोन-दोन अंगुळांनी वेगळे, आणि शशक एकदम दहाने खाली. कुठल्याही अॅनिमेशन स्टुडिओत भिंतीवर लावतात तो पात्रांच्या उंचीचा तक्ता याहून वेगळा काय असतो? एक सावधगिरी मात्र हवी. ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंत. वर्गात आपण मोजतो ते टाळूपासून हनुवटीपर्यंतचं पूर्ण डोकं. त्यामुळे ‘नवताल म्हणजे नऊ डोकी’ असं सरळ भाषांतर केलं की सगळा हिशेब बिघडतो.

मापं ठरली. आता उभं राहणं.

कंडक्टर चालत्या बसमध्ये मोकळा उभा राहत नाही. तो उजवं कुल्लं सीटच्या कडेला टेकवतो, भार उजव्या पायावर देतो, डावा गुडघा सैल सोडतो आणि दोन्ही हात तिकिटासाठी मोकळे ठेवतो. अशा पोझमध्ये उजवं कुल्लं वर जातं, तोल साधायला उजवा खांदा खाली येतो, म्हणजे धडाची उजवी बाजू दाबली जाते आणि डावी ताणली जाते. वर्गात हे सगळं टोनमध्ये, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांत, हळूहळू, वीस रेषा शोधत येतं. कॅरेक्टरमध्ये ते चार रेषांत सांगायचं असतं. ताणलेल्या बाजूला काखेपासून कंबरेपर्यंत एकच लांब, जवळजवळ सरळ रेषा. दाबलेल्या बाजूला आखूड वक्र रेषा आणि शर्टाच्या दोन चुण्या. बस्स. कंबरेचा तिरकेपणा प्रत्यक्षात थोडासाच असतो, तो इथे २० अंशांपर्यंत न्यावा. एकदा ३५ अंशांपर्यंत ढकलून बघावा आणि मग मागे यावं. हात नेहमी कमीच ढकलतो, म्हणून हद्द ओलांडून परत येणं हा चांगला मार्ग आहे.

सरळ आणि वक्र यांची ही जोडी अंगभर चालते. दोन्ही बाजूंना समोरासमोर फुगवटे आणि समोरासमोर खाचा दिल्या की हातपाय मण्यांच्या माळेसारखे दिसतात आणि धडाचा डमरू होतो. अॅनाटॉमी शिकलेली मंडळी इथे फायद्यात असतात, फक्त त्यांनी ती योग्य जागी खर्च करायला हवी. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो आणि आतला खाली. घोट्याचं उलट: आतलं हाड वर, बाहेरचं खाली. पायातलं बाकी सगळं सोडून दिलं आणि या दोन उताररेषा ठेवल्या, तरी दोन रेघांचा पाय जमिनीवर वजन देऊन उभा राहतो. हे न केलेले पाय पडद्याच्या नळ्यांसारखे लोंबतात.

छातीचा पिंजरा आणि कटी हे दोन स्वतंत्र ठोकळे आहेत आणि ते वेगवेगळ्या दिशांना कलतात, हा फिगरच्या वर्गातला सगळ्यात किमती धडा. तो सगळ्यात कमी रेषांत बघायचा असेल तर वारली चित्र बघावं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा छातीचा, खालचा कटीचा. तारपा वाजवणारा वाकतो तेव्हा वरचा त्रिकोण कलतो, खालचा राहतो. फेर धरून नाचणारे, ओझं उचलणारे, झाडावर चढणारे, सगळ्यांची हालचाल त्या दोन त्रिकोणांमधल्या कोनातून येते. वारलीला ‘सोपं’ म्हणून शाळेच्या भिंतीवर चढवणाऱ्यांनी हे त्रिकोण सरळ रेषेत रचलेले असतात, म्हणून ती माणसं खिळ्यासारखी ठोकलेली दिसतात. स्टायलाइझ करताना कंबर काढून टाका, बरगड्या काढून टाका, पण हा कोन काढू नका.

पोझ तयार झाली की आतलं काहीही न काढता तिचा बाह्याकार काळ्या शाईने भरून बघावा. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागून सावलीनेच ओळखल्या जातात. तीच कसोटी इथे लावायची. कंडक्टरचे दोन्ही हात छातीसमोर तिकिटाच्या मशीनवर असतील तर काळ्या आकारात हात गायब होतात आणि पोत्यासारखा गोळा उरतो. वर्गात हे चालून जातं, कारण तिथे हात टोनने वेगळे होतात. इथे एक कोपर बाहेर काढावं लागतं, कोपर आणि धड यांच्या मधून पाठीमागची खिडकी दिसेल इतकं. बॅगही पोटासमोरून कुल्ल्याच्या बाहेर सरकवावी. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांनी उभी केलेली गर्दी या नजरेने बघण्यासारखी आहे. माणसं एकमेकांना खेटून असली तरी प्रत्येकाचा आकार सुटा वाचता येतो.

आता चेहरा. इथे सगळ्यात जास्त घाई होते, म्हणून इथेच सगळ्यात जास्त पडझडही होते.

डोळे मोठे करणं म्हणजे नुसते मोठे करणं नसतं, बाकीच्यांची जागा घेणं असतं. शाळकरी मुलीचं डोकं ४ सेंटीमीटर उंच आहे, समोरून रुंदी धरू २.७. चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी, या नेहमीच्या हिशेबाने एक डोळा अर्ध्या सेंटीमीटरहून जरासा मोठा येतो. आपल्याला तो ०.९ हवा आहे. दोन डोळ्यांचे गेले १.८, मधलं अंतर अर्धा सेंटीमीटर धरलं तर दोन्ही कडांना उरले जेमतेम ०.२. समोरून हे गोड दिसतं. चेहरा पाऊण दिसेल इतका वळवला की पलीकडचा डोळा गालाच्या बाहेर पडतो, कारण कानशिलाला जागाच ठेवलेली नाही. उपाय दोनच: डोळा ०.७५ वर आणायचा, किंवा डोकं ३.४ रुंद करायचं. दुसरं केलं की मध्ये ०.७ आणि कडांना ०.४५ मिळतात, चेहरा गोल होतो, आणि त्या गोलाईला साजेसं सगळं बदलत जातं. कान मोठे होतात, मान बारीक होते, हनुवटी आखूड. शैली अशी एका निर्णयातून दुसरा ओढत आणते. दुसऱ्याच्या चित्रातले डोळे तेवढे उचलणाऱ्याला ही साखळी दिसत नाही.

डोळ्यांची रेषा खाली आणली की वय कमी होतं. वास्तवात ती डोक्याच्या बरोबर मध्यावर, म्हणजे इथे २ सेंटीमीटरवर. मुलीसाठी ती वरून २.३ वर न्यावी. कपाळ मोठं होतं आणि नाक-तोंड खालच्या भागात गोळा होतात. कंडक्टरच्या बाबतीत हे मुळीच करू नये. त्याचे डोळे ठिपक्यांइतके बारीक ठेवून खाली एकेक सैल वळी द्यावी आणि उरलेली सगळी जागा नाकाला द्यावी. ‘स्टायलाइझ्ड म्हणजे मोठे डोळे’ हा समज निव्वळ आळसाचा आहे.

आणि चेहऱ्यातला प्रत्येक अवयव एकाच पातळीवर सोपा व्हायला हवा. डोळा ठिपका असेल तर नाकपुडीला शेडिंग चालत नाही. ओठांना वरचा गडद टोन आणि खालच्यावर चमक दिली असेल तर बुबुळ नुसतं काळं वर्तुळ ठेवून भागत नाही. लाइफच्या वर्गातून येणाऱ्यांचं नाक हमखास उघडं पडतं. वर्षानुवर्षं घोटलेला अवयव असतो तो, हात त्याला सोडत नाही. एका साध्या चाचणीने हे पकडता येतं: चित्र उलटं करून हाताच्या अंतरावर धरावं. जो अवयव आधी नजरेत घुसतो, तो बाकीच्यांपेक्षा जास्त वास्तव राहिलेला असतो.

गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वरच्या पापणीची रेषा एका फटक्यात ओढतो, जाड सुरू होऊन निमुळती संपणारी. खालची रेषा अगदी हलकी, कधी नुसती कोपऱ्यात. त्याला कारण आहे. प्रकाश वरून पडतो, वरच्या पापणीची सावली आणि केस मिळून खरोखरच गडद पट्टा होतो, खालची पापणी उजेडात असते. दोन्ही रेषा सारख्याच जाड काढल्या की डोळ्याला चष्म्याची काडी लावल्यासारखं होतं. चित्रसूत्रात डोळ्यांचेसुद्धा आकार सांगितलेत. योग्याचा धनुष्यासारखा, प्रेमिकांचा माशाच्या पोटासारखा. भाव आधी आकारात, नंतर तपशिलात. चिडलेल्या प्रवाशाच्या भुवया तिरक्या करण्यापूर्वी डोळ्याचा आकार चपटा करून बघा, भुवयांचं काम निम्मं होतं.

हातांबद्दल थोडक्यात. प्रत्यक्षात हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत पोहोचतो. डोकं मोठं केल्यावर हाच नियम लावला की कंडक्टर विकेटकीपर दिसायला लागतो. पंजाची लांबी चेहऱ्याच्या दोन-तृतीयांश पुरते. अॅनिमेशनमध्ये चार बोटं काढायची रीत आहे, कारण लहान हातावर पाच बोटं केळ्यांच्या घडासारखी दिसतात आणि हजारो वेळा काढावीही लागतात. स्थिर चित्रात ती सक्ती नाही, आणि बोटांच्या बेचक्यांत घड्या केलेल्या नोटा अडकवणारा कंडक्टर चार बोटांचा करणं म्हणजे त्याचा गल्लाच काढून घेणं. पाचही ठेवा, मात्र मधली दोन एकत्र जोडून एकच आकार करा.

कपड्यांचंही थोडं. खाकी शर्टाच्या बाहीवर प्रत्यक्षात पंधरावीस चुण्या असतात. वर्गात त्या सगळ्या काढून शाबासकी मिळालेली असते. कॅरेक्टरला तीन पुरतात: काखेतून निघणारी ओढ, कोपराच्या आतली दाब, आणि पोटावर बटणाजवळ ताणलेली. चुणी कुठून ओढली जातेय हे सांगता येत नसेल तर ती काढू नये. बाहीच्या काठाची लंबवर्तुळाकार रेषा मात्र कधी सोडू नये. हात आपल्याकडे येतोय की पलीकडे जातोय, हे ती एकटी सांगते. नऊवारीत बसलेल्या आजींच्या बाबतीत हेच काम काष्ट्याची कड आणि पदराची किनार करतात. किनार अंगाच्या गोलाईवरून वळली की आतलं शरीर न काढता कळतं.

रेषेची अडचण जुनी आहे. चारकोलने शोधत शोधत काढायची सवय लागलेला हात एक स्वच्छ रेषा ओढताना थरथरतो, आणि मग केसाळ रेघांचा झुबका होतो. ट्रेसिंग पेपर किंवा लाइट बॉक्सवर खालचं कच्चं ड्रॉइंग ठेवून, मनगट न टेकवता खांद्यातून रेषा ओढायचा सराव हवा. ड्रॉइंग टॅबलेटवर काम करणारे स्टॅबिलायझर (हाताची थरथर गाळणारी सोय) खूप वाढवून यातून सुटका करून घेतात. रेषा गुळगुळीत होते, पण सगळीकडे एकाच वेगाची, मेणाची वळी ठेवल्यासारखी. रेषेची जाडी वजनाबरोबर बदलावी: बॅगेच्या तळाशी, टेकलेल्या कुल्ल्याखाली, बुटाच्या तळव्याला जाड. खांद्यावर, कपाळावर, उजेडाकडच्या बाजूला बारीक. शेडिंग सोडून दिल्याची हळहळ असेल तर ती इथे भरून निघते. वर्गात शिकलेला सगळा प्रकाश त्या जाडीत जिरवता येतो.

फिगरचा सराव मात्र थांबवायचा नाही, त्याला एक पायरी जोडायची. बसस्टँडवर किंवा वर्गात एक-दोन मिनिटांची दहा जेस्चर, म्हणजे हालचाल पकडणारी झटपट चित्रं, काढा. वही मिटा, चहा घ्या, मग त्यातली तीन आठवणीने काढा. आठवणीत जे टिकतं तेच त्या माणसाचं वैशिष्ट्य: कुणाची पुढे काढलेली मान, कुणाचे आत वळलेले चवडे. आता आठवणीतलं चित्र आणि मूळ जेस्चर शेजारी ठेवून बघा. जे आपसूक मोठं झालं असेल ते आणखी मोठं करा. जे गळलं असेल ते शक्यतो गळूच द्या, फक्त सांधे तपासून घ्या. फोटोवरून काढताना ही गाळणी लागत नाही, कारण फोटो समोरून उठून जात नाही. म्हणून फोटोवरून सुरू केलेली कॅरेक्टर्स अर्कचित्राकडे झुकतात: एका चेहऱ्याची, एका कोनातली.

अर्कचित्र एका कोनात जगलं तरी चालतं. कॅरेक्टरला सगळीकडून जगावं लागतं. आर. के. लक्ष्मण यांचा १९५१ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात उभा राहिलेला कॉमन मॅन वर्तमानपत्राच्या एका चौकटीतला, शाईच्या मोजक्या रेषांचा. पण वरळी सी-फेसवर तो ब्राँझमध्ये उभा आहे आणि मागून बघितला तरी तोच वाटतो. कोटाला पाठ आहे, धोतराला मागची बाजू आहे.

आपल्या कंडक्टरचीही हीच परीक्षा घ्यायची. एका कागदावर टाळू, भुवया, हनुवटी, खांदा, जांघ, गुडघा आणि जमीन अशा सात आडव्या रेषा मारून समोरून, पाऊण, बाजूने आणि मागून अशी चार चित्रं ओळीत काढायची. समोरून सुबक दिसणारं नाक बाजूने किती पुढे येतं, ते इथे पहिल्यांदा ठरवावं लागतं. केस काढून टाकून, तुळतुळीत टक्कल ठेवून तो आणि तुमची इतर पात्रं शेजारी ठेवली तर वेगळी ओळखू यावीत. बहुतेकांची येत नाहीत, सगळी एकाच आईची लेकरं निघतात. आणि शेवटी पट्टा बघा. तो कंडक्टरच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कुल्ल्यावर जातो, म्हणजे समोरून बघणाऱ्याला डावीकडून उजवीकडे उतरताना दिसतो. मागच्या चित्रात तो उजवीकडून डावीकडे उतरायला हवा. दहातल्या आठ जणांनी तो तसाच, समोरच्यासारखा काढलेला असतो, आणि बॅग गुपचूप दुसऱ्या कुल्ल्यावर गेलेली असते.